ठरावापासून रोजगारापर्यंत : एका फिरत्या तालिमी परिषदेची कहाणी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत फलक झळकू लागतात. कुठे 'करिअर मार्गदर्शन मेळावा', कुठे 'गुणवंतांचा सत्कार', कुठे 'शिक्षक परिषद', तर कुठे 'रोजगार मेळावा'. शादीखाना भरतो, तिलावत होते, पाहुण्यांना शाल आणि पुष्पगुच्छ दिले जातात. कुणी यूपीएससीवर बोलतो, कुणी फार्मसीवर. शेवटी आभार मानले जातात, बिर्याणी होते आणि सगळे घरी जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. बी.एड. होऊन पाच-पाच वर्षे घरी बसलेली आपली मुले-मुली तो फोटो पाहतात आणि पुढचे पान उलटतात.

अशा मेळाव्यांची चेष्टा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. ते भरवणाऱ्यांची तळमळ खरी असते, पदरचे पैसे घालून ते राबत असतात. प्रश्न एवढाच आहे की, एवढी माणसे एकत्र येऊनही हाती फारसे काही का लागत नाही? माणसे जमवण्यातून खरोखर काही उभे राहते का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. सव्वाशे वर्षांपूर्वी शिक्षक, वकील, सरकारी नोकर, जमीनदार आणि नोकरीच्या शोधातले पदवीधर यांना दरवर्षी एका मांडवाखाली आणणारी एक संस्था आपल्याकडे होती. ती कुठे यशस्वी झाली आणि कुठे अडखळली, हे पाहिले तर आजच्या मेळाव्यांकडे बघण्याची नजर बदलते.

काँग्रेस नव्हे, कॉन्फरन्स

२७ डिसेंबर १८८६ रोजी सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढमध्ये 'मोहम्मडन एज्युकेशनल काँग्रेस'ची पहिली बैठक बोलावली. मौलवी समीउल्ला खान अध्यक्षस्थानी होते. त्याच दिवशी कलकत्त्यात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे इंडियन नॅशनल काँग्रेसचे, दुसरे अधिवेशन सुरू झाले होते. एकाच आठवड्यात दोन 'काँग्रेस' भरत होत्या. एक राजकीय हक्क मागत होती, दुसरी शाळा आणि कॉलेजचा हिशेब मांडत होती. पुढे गोंधळ नको म्हणून १८९० मध्ये अलीगढच्या संस्थेने नाव बदलून 'कॉन्फरन्स' केले. मोहम्मडन एज्युकेशनल कॉन्फरन्स या नावानेच ती पुढे ओळखली गेली. इथे मी तिला तालिमी परिषद म्हणतो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडाच का निवडला असेल? नाताळात कोर्ट-कचेऱ्या, कॉलेजे आणि सरकारी दफ्तरे बंद असत. नोकरदार माणसाला रजा काढावी लागत नसे. राष्ट्रीय सभाही याच दिवसांत भरे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये सुरू झालेली सामाजिक परिषदही त्याच सुमारास भरत असे. संमेलनांचा प्रघात आपल्या महाराष्ट्रालाही नवा नव्हता. रानड्यांच्याच पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरले होते. रेल्वेने गावे जवळ आणली होती, टपालाने आमंत्रणे पोचत होती. माणसे जमवून प्रश्न मांडायचे हा त्या काळाचा नवा मार्ग होता आणि अलीगढने तो शिक्षणासाठी वापरला.

मूळ दुखणे नोकरीचे होते

परिषद शिक्षणाची होती, पण तिच्या मागे रोजगाराचा प्रश्न उभा होता. १८३७ पासून कंपनी सरकारने कोर्टकचेरीतून फारसी काढायला सुरुवात केली. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजीरोटी फारसी दफ्तरावर चालत होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मुलगा मदरशात शिकून हुशार निघाला तरी त्याला नोकरी नव्हती. इंग्रजी शाळेत घालायचे, तर मनात शंका आणि खिशात पैसे नाहीत. १८५७ नंतर तर उत्तर हिंदुस्थानातल्या अनेक घरांची पार दाणादाण झाली.

१८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी सतरा स्वतंत्र शिफारशी केल्या. त्या आज वाचल्या तरी नवल वाटते. मुसलमान शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग असावेत. शाळातपासणीसांमध्ये मुसलमान अधिक घ्यावेत. शिष्यवृत्त्या द्याव्यात. मुसलमानांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थांना उत्तेजन द्यावे. आणि सर्वांत शेवटची शिफारस अशी की, शिकलेल्या मुसलमानांना सरकारी नोकऱ्यांत किती वाटा मिळतो याकडे प्रांतिक सरकारांनी लक्ष द्यावे. शिक्षक, शाळा आणि नोकरी ही एकाच साखळीची तीन कडी आहेत, हे त्या अहवालाने ओळखले होते. या आयोगापुढे मुंबईहून साक्ष देणाऱ्यांत बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजीही होते. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

अलीगढचे कॉलेज तोवर सुरू झाले होते. १८७५ मध्ये शाळा आणि १८७७ मध्ये कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली. पण एक कॉलेज सगळ्या हिंदुस्थानाला कसे पुरणार? मद्रासचा, कराचीचा किंवा रंगूनचा मुलगा अलीगढला येणार कसा? सर सय्यदांनी यावर सरळ तोड काढली. मुलगा कॉलेजपर्यंत येऊ शकत नसेल, तर कॉलेजचा विचार त्याच्या गावापर्यंत न्यायचा. परिषद फिरती करायची.

परिषदेत चालायचे काय?

पहिली परिषद अलीगढला, दुसरी १८८७ मध्ये लखनौला, तिसरी १८८८ मध्ये लाहोरला झाली. अधूनमधून ती अलीगढला परतायची आणि पुन्हा बाहेर पडायची. कामकाजाची एक रीत होती. अध्यक्षांचे भाषण व्हायचे. मग एकेका प्रश्नावर अभ्यास करून लिहिलेले निबंध वाचले जायचे. ठराव मांडले जायचे, त्यांवर वाद व्हायचा. ठिकठिकाणच्या समित्या आपापल्या भागाचा अहवाल द्यायच्या. डेप्युटी नझीर अहमद यांचे भाषण असले की गर्दी उसळायची. कादंबरीकार म्हणून ते घराघरांत पोचले होते आणि हसवत हसवत कान उपटण्याची त्यांची हातोटी होती. मौलाना हालींची नज्म हेही मोठे आकर्षण असे.

पण गर्दीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे वाचली जाणारी टिपणे कच्ची नसत. १८८७ च्या लखनौ अधिवेशनात तरुण शिबली नोमानी यांनी मुसलमानांच्या गतकाळातील शिक्षणव्यवस्थेवर प्रदीर्घ निबंध वाचला. इतिहासकार म्हणून शिबलींचे नाव होण्यात या निबंधाचा मोठा वाटा आहे. सर सय्यदांचे चिरंजीव न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी १८९३ आणि १८९४ च्या अधिवेशनांत इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासावर व्याख्याने दिली. त्यांनी आकड्यांचे तक्तेच्या तक्ते मांडले. कुठल्या विद्यापीठातून किती मुसलमान पदवीधर बाहेर पडले, प्रांताप्रांतांत प्रमाण काय, हे सगळे त्यात होते. त्यातून १८९५ मध्ये 'ए हिस्टरी ऑफ इंग्लिश एज्युकेशन इन इंडिया' हा ग्रंथ अलीगढहून प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजही तो चाळतात. परिषदेतल्या भाषणाचा असा ग्रंथ होणे, ही गोष्ट आपल्या आजच्या परिषदांना मनावर घेता येईल.

कॉलेजचे प्राचार्य थिओडोर बेक यांच्या पुढाकाराने परिषदेने १८९० च्या दशकात शैक्षणिक शिरगणतीचे कामही हाती घेतले. मुलाला इंग्रजी शाळेत पाठवण्याची ऐपत असूनही न पाठवणारी घरे किती, हे गावोगावच्या स्वयंसेवकांकडून मोजून घ्यायचे, अशी ही कल्पना होती. 'आपली कौम मागे आहे' असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे असते. नेमके कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात मागे आहे हे विचारत दारोदार जाणे अवघड असते.

विद्यार्थ्यांची 'ड्यूटी'

नोकरी आणि शिक्षण यांच्यामध्ये पैशाची भिंत होती. सर सय्यदांनी १८८३ मध्येच मुसलमान तरुणांना सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेसाठी विलायतेला पाठवता यावे म्हणून एक निधी सुरू केला होता. पण हा मार्ग मोजक्यांचा होता. सामान्य घरातल्या मुलांसाठी खुद्द अलीगढच्या विद्यार्थ्यांनी १८९० च्या सुमारास एक संस्था काढली. तिचे नाव अंजुमन-उल-फर्ज, इंग्रजीत 'ड्यूटी'. तिच्यामागे साहेबजादा आफताब अहमद खान हा विद्यार्थी होता. सुट्टीत मुलांनी घरी जाऊन आराम न करता गावोगाव हिंडायचे, गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसे गोळा करायचे आणि जाता जाता कॉलेजची माहितीही द्यायची, असे हे काम होते.

या आफताब अहमद खानांची पुढची वाटचाल पाहण्यासारखी आहे. ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, अनेक वर्षे परिषदेचे सहचिटणीस म्हणून राबले आणि १९२४ मध्ये अलीगढ मुस्लीम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे परिषदेने पुढचा कार्यकर्ता आपल्याच विद्यार्थ्यांतून घडवला. आपल्या मेळाव्यांत विद्यार्थी कुठे असतो? खुर्च्या मांडायला आणि टाळ्या वाजवायला. त्याच्या हाती काम दिले तर तो तीस वर्षे पुरतो, हे अलीगढने दाखवून दिले.

मुंबई, १९०३

मार्च १८९८ मध्ये सर सय्यद गेले. परिषद त्यांच्या मागे विरून जाईल, अशी भीती अनेकांना वाटली असणार. तसे झाले नाही. नवाब मोहसिन-उल-मुल्क यांनी धुरा घेतली आणि परिषद उत्तर हिंदुस्थानाबाहेर पडली. १८९९ मध्ये कलकत्ता, १९०१ मध्ये मद्रास, १९०३ मध्ये मुंबई.

मुंबईच्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. या निवडीचे महत्त्व कळायला थोडे मागे जावे लागेल. तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासला राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले होते. सर सय्यदांचा राष्ट्रीय सभेला कडाडून विरोध होता. मुसलमानांनी आधी शिकावे, राजकारणात पडू नये, असे त्यांचे मत होते. दोघांमध्ये यावरून पत्रव्यवहार झाला आणि मतभेद कायम राहिला. त्याच तय्यबजींना पंधरा वर्षांनंतर सर सय्यदांच्या परिषदेने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसवले आणि तय्यबजींनी तो मान स्वीकारला. राजकारणात टोकाचा विरोध असलेली माणसे शाळेच्या प्रश्नावर एका मांडवात बसू शकतात, याचा यापेक्षा चांगला दाखला मला सापडत नाही. आज एका मसलकचा शिक्षक दुसऱ्या मसलकच्या संस्थेच्या कार्यक्रमाला जायला कचरतो आणि एका पक्षाचा कार्यकर्ता दुसऱ्याचा मेळावा उधळून लावायला बघतो. तेव्हा ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी.

शिवाय तय्यबजी रिकाम्या हाताने आले नव्हते. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते होते. तिची शाळा १८८० मध्ये सुरू झाली आणि बोरीबंदरसमोरची तिची भव्य वास्तू १८९३ मध्ये उभी राहिली. मुंबईच्या भाषणात त्यांनी स्त्रीशिक्षणाचा जोरदार पुरस्कार केला. त्या काळी पाळला जाणारा कडक पडदा इस्लामला अभिप्रेत असलेल्या मर्यादेच्या पलीकडचा आहे, असेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यावर उत्तरेतल्या काही मंडळींच्या भुवया उंचावल्या. पण आपल्या मुलींना स्वतः शिकवलेला माणूस ते बोलत होता, त्यामुळे त्या शब्दांना वजन होते.

शिक्षिका आणायची कुठून?

इथे परिषदेची एक कमजोर बाजूही सांगायला हवी. सर सय्यद स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत मागे राहिले. आधी पुरुष शिकतील, मग बायका आपोआप शिकतील, असे त्यांना वाटे. १८८४ मध्ये पंजाबात गुरदासपूर इथे स्त्रियांपुढे बोलतानाही त्यांनी हीच भूमिका मांडली होती. परिषदेत स्त्रीशिक्षणाचा स्वतंत्र विभाग १८९६ मध्ये सुरू झाला आणि त्यात जीव आला तो शेख अब्दुल्ला १९०२ मध्ये चिटणीस झाल्यावर. त्यांनी १९०४ मध्ये 'खातून' हे मासिक सुरू केले. त्यांच्या पत्नी वहीद जहां बेगम या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या.

मुलींची शाळा काढायची म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो शिक्षिकेचा. पडदानशीन मुलींना शिकवायला बाईच हवी आणि शिकलेली बाई मिळायची कुठे? त्यामुळे परिषदेत आधी शिक्षिका तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचा आग्रह धरला गेला. १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा उस्तानी दिल्लीहून आणावी लागली. तीच शाळा वाढत वाढत आज अलीगढ विद्यापीठाचे विमेन्स कॉलेज झाली आहे. मी बी.एड. करत असताना वर्गात निम्म्याहून अधिक मुली होत्या. एका उस्तानीसाठी दिल्लीपर्यंत शोधाशोध करावी लागली होती, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हते. आज प्रशिक्षित शिक्षिका घराघरांत आहे, पण तिला घेणारी शाळा नाही. प्रश्न पार उलटा झाला आहे.

मागे काय उरले?

परिषदेचे यश मोजायचे तर मांडव उठल्यावर त्या गावात काय उरले ते पाहावे. मद्रासचे उदाहरण ठळक आहे. १९०१ च्या अधिवेशनातून तिथल्या मंडळींनी स्फूर्ती घेतली आणि पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, दक्षिण हिंदुस्थानच्या मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था स्थापन केली. चेन्नईतले १९५१ चे न्यू कॉलेज त्याच संस्थेचे. तीन-चार दिवसांचा मांडव आणि त्यातून शंभर वर्षे टिकलेली संस्था!

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातले आहे. १९०३ मध्ये परिषदेची एक शाखा म्हणून अंजुमन तरक्की-ए-उर्दू स्थापन झाली. प्रा. टॉमस आर्नल्ड तिचे अध्यक्ष आणि शिबली नोमानी चिटणीस होते. पहिली काही वर्षे तिचे काम मंदच चालले. १९१२ मध्ये चिटणीसपद आले मौलवी अब्दुल हक यांच्याकडे. ते निजामाच्या शिक्षणखात्यात होते आणि औरंगाबादला राहत होते. त्यांच्याबरोबर अंजुमनचे दफ्तरही औरंगाबादला आले आणि मरगळलेल्या संस्थेत प्राण आला. शब्दकोश, परिभाषा, जुन्या हस्तलिखितांचे संपादन अशी कामे निघाली. १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू झाले. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाची तयारी सुरू झाली तेव्हा अनुवाद विभागाची सुरुवातीची जबाबदारी अब्दुल हक यांच्याकडेच सोपवली गेली. गणित, विज्ञान, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणण्यासाठी तिथे विद्वानांना पगारी नोकऱ्या मिळाल्या. म्हणजे अलीगढच्या एका ठरावाची मुळी औरंगाबादच्या मातीत रुजली आणि तिच्या फांदीला हैदराबादेत रोजगाराचे फळ लागले. मराठी मुलखात बसून उर्दूची एवढी सेवा झाली, हे उर्दूवाल्यांनी आणि मराठीवाल्यांनी दोघांनीही विसरू नये.

नागपूरलाही परिषद आली होती. १९१० च्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते अब्दुल्ला युसुफ अली. पुढे ज्यांचे कुरआनाचे इंग्रजी भाषांतर जगभर गेले, तेच हे. अलीगढ कॉलेजचे विद्यापीठ करण्याच्या मागणीला याच अधिवेशनापासून नवी धार आली. आगा खान आणि त्यांचे सहकारी निधीसाठी शहरोशहरी हिंडले आणि १९२० मध्ये विद्यापीठाचा कायदा झाला. १९१५ मध्ये परिषद पुण्यातही भरली.

या सगळ्याला आधार होता तो कायमच्या दफ्तराचा. वर्षातले तीन-चार दिवस परिषद भरे, पण अलीगढमधले तिचे कार्यालय बाराही महिने चाले. पत्रांना उत्तरे जात, अहवाल छापले जात. पुढे भोपाळच्या बेगम सुलतानजहां यांच्या नावाची 'सुलतानजहां मंजिल' ही वास्तू परिषदेसाठी उभी राहिली.

जिथे परिषद कमी पडली

इतिहास म्हणजे पूर्वजांच्या नावाने नुसता जयजयकार नव्हे. परिषदेत उणिवा होत्या आणि त्या गंभीर होत्या.

पहिली उणीव वर्गाची. परिषद मुख्यतः शरीफ म्हणवणाऱ्या घराण्यांची होती. विणकर, बागवान, कसाई, मणियार, तांबोळी यांची मुले तिच्या हिशेबात जवळजवळ नव्हती. नोकरी म्हणजे सरकारी नोकरी असेच समीकरण होते. हातात हुन्नर असलेल्या माणसाच्या धंद्याला शिक्षणाची जोड कशी द्यावी, यावर बोलणे कमी झाले. याच सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज वेगळ्या वाटेने चालले होते. १९०६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण मिळाले की तो शिकतो, हे महाराजांनी नेमके हेरले होते.

दुसरी उणीव भाषेची. परिषदेची भाषा उर्दू होती. कोकणातला, बंगालातला, मलबारातला मुसलमान घरी वेगळी भाषा बोलतो आणि त्याला नोकरीसाठी आपल्या प्रांताची भाषा पक्की यावी लागते, याचा पुरेसा विचार झाला नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. माझा अनुभव असा की, उर्दू माध्यमातला ज्याचा मराठीवर हात बसलेला असतो, तो तलाठ्यापासून पोलीस भरतीपर्यंत कुठेही मागे पडत नाही. उर्दू जपायची आणि मराठी कमवायची, यात विरोध कसला?

तिसरी गोष्ट राजकारणाची. डिसेंबर १९०६ मध्ये परिषद ढाक्याला भरली. ती आटोपताच ३० डिसेंबरला तिथेच मुस्लीम लीगची स्थापना झाली. त्यानंतर तरुणांचे लक्ष, वर्तमानपत्रांच्या जागा आणि श्रीमंतांच्या देणग्या हळूहळू राजकारणाकडे वळल्या. परिषद चालू राहिली, कराचीला मौलाना हालींच्या आणि रंगूनला महमूदाबादच्या राजांच्या अध्यक्षतेखाली भरली. पण पूर्वीसारखी ती केंद्रस्थानी राहिली नाही. शाळेच्या मांडवात राजकारणाची खुर्ची एकदा टाकली की पुढे सगळा मांडवच तिच्याकडे तोंड करून बसतो. आजही मंत्री येणार म्हटले की मार्गदर्शनाचे सत्र अर्ध्यावर तोडले जाते.

मग आज काय करावे?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपल्यापुढे आरसा धरला. लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला समाज भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के आणि परराष्ट्र सेवेत १.८ टक्के होता. हंटर आयोगाच्या सतराव्या शिफारशीला तोवर शंभराहून अधिक वर्षे झाली होती. शिक्षकांचे तर विचारू नका. डी.एड., बी.एड. झाले की टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम. त्यात बिंदुनामावलीत राखीव असलेल्या जागेवर उर्दू माध्यमाचा उमेदवारच मिळत नाही, म्हणून वर्ग शिक्षकाविना राहतो आणि बाहेर पात्र शिक्षक नोकरीविना फिरतो. ही गाठ भाषणाने सुटत नाही. त्यासाठी कोणत्या तालुक्यात, कोणत्या शाळेत, कोणत्या विषयाची किती पदे रिकामी आहेत याची यादी लागते. ती घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि मंत्रालयात सतत जाणारी माणसे लागतात.

अलीगढच्या मंडळींकडून घ्यायच्या गोष्टी अवघड नाहीत. मेळाव्याआधी मोजणी करावी. आपल्या शहरात बी.एड. किती, डिप्लोमा किती, आयटीआय किती, घरी बसलेल्या पदवीधर मुली किती, याची वही तयार असावी. मेळावा दरवर्षी त्याच हॉलमध्ये न घेता यंदा मालेगाव तर पुढच्या वर्षी एखादे तालुक्याचे गाव असा फिरवावा. व्यासपीठावर आपल्या विचाराचेच नव्हे, तर आपल्याशी न पटणारे जाणकारही बोलवावेत. महिलांची सोय मागच्या दोन रांगांत न करता त्यांचे स्वतंत्र सत्र त्यांच्या वेळेला ठेवावे. बागवानाच्या आणि विणकराच्या मुलालाही त्याच्या कामाचे काही ऐकायला मिळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मेळावा संपल्यावर एक टेबल, एक रजिस्टर आणि एक जबाबदार माणूस वर्षभर जागेवर असावा. नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला महिन्याभराने फोन जावा, 'अर्ज भरला का? कुठे अडले?'

मद्रासच्या त्या अधिवेशनातून घरी परतलेल्यांनी वर्षभरात संस्था उभी केली. आपल्या मेळाव्याहून परतणाऱ्याच्या हातात आज बहुतेक वेळा एक प्रमाणपत्र आणि पाण्याची बाटली असते. पुढच्या वेळी त्याच्या हातात रिक्त पदांची यादी, अर्जाची शेवटची तारीख आणि ज्याला फोन करता येईल अशा माणसाचा नंबर असावा. एवढे जमले तरी त्या मेळाव्यासाठी घातलेला मांडव वाया गेला असे कुणी म्हणणार नाही.